काटा, हवा आणि चाक



वसंत ऋतूतील ह्या व्याख्यानसत्रात आपण भारदस्त विषय ऐकावयास येता. राज्ये कशी उदयास आली आणि कशी लयास गेली, संतांनी समाजाला काय दिले, राज्यघटना कशी सिद्ध झाली, असे ते विषय असतात. आज मी आपणांपुढे सायकलच्या टायरचा इतिहास मांडणार आहे. विषयाचे नाव ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळी हसली, ते मला दिसले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलीत, भर उन्हात दुकान शोधीत ज्याने एकदाही पायपीट केलेली नाही, असा मनुष्य ह्या मंडपात सापडणे कठीण आहे. ज्या गोष्टीने इतक्या लोकांना इतक्या वेळा वाटेत थांबवले, तिचा इतिहास तासभर ऐकावयास हरकत नसावी.

ह्या व्याख्यानाला निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या घरातील दोघा भावंडांचे. बहीण रोज सहा किलोमीटर सायकलने कामावर जाते आणि सहा किलोमीटर परत येते. धाकटा भाऊ सामान लादून पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जाण्याच्या खटपटीत आहे. दोघे एका संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, पंक्चर न होणारा टायर कोणता, ते एकदा सांगून टाका. आम्ही दोघंही तोच घेतो.” मी त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कारखानदार, संशोधक आणि स्वार ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आले आहेत. आणि त्या शोधाचा वृत्तांत पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. पंक्चर टाळण्याचा प्रत्येक उपाय कोणाच्या तरी माथी कसला तरी भार टाकतो. तो भार कोणता आणि तो कोणी वाहायचा, हे ठरवल्यावाचून टायरची निवड होत नाही. ही गोष्ट इतिहासातून कशी दिसते, तेवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक मौज सांगतो. सायकलच्या इतिहासात असा एक काळ होऊन गेला, की तेव्हा पंक्चर ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पायट्यांची जी सायकल निघाली, तिची चाके लाकडाची आणि त्यांवर लोखंडी धाव, बैलगाडीला असते तशी. दगडी फरसबंदीवर ती चालवणाऱ्याची हाडे इतकी खिळखिळी होत, की इंग्रजांनी तिला ‘हाडे हलवणारी’ असेच नाव ठेवले. पुढे लोखंडाच्या जागी भरीव रबर आले. चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकनाला १८३९ मध्ये असा शोध लागला होता, की रबर गंधकाबरोबर तापवले म्हणजे ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही. त्यामुळे रबराचे टायर शक्य झाले.

अशाच भरीव रबराच्या उंच चाकाच्या सायकलवर टॉमस स्टीव्हन्स नावाचा तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १८८६ च्या डिसेंबरात जपानमधील योकोहामाला पोचला. वाटेत तो आपल्या देशातही आला होता. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा सडकेचा रस्ता त्याने १८८६ मध्ये सायकलने कापला. त्या साऱ्या प्रवासात हवा गेली म्हणून तो एकदाही थांबला नाही, कारण त्याच्या चाकात हवाच नव्हती. मग तो टायर उत्तम म्हणायचा काय? रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक खडा स्वाराच्या मनगटांना व पाठीच्या कण्याला थेट पोचत होता. काट्याचा त्रास नव्हता खरा. पण तो वाचवण्याची किंमत स्वाराचे शरीर देत होते.

हवेचा टायर डनलॉपने शोधला असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्याने १८४५ मध्येच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. रबर चढवलेल्या कापडाची आत नळी आणि बाहेर चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून प्रयोग झाले. गाडी ओढावयास हलकी जाते आणि चाकांचा आवाजही होत नाही, असे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. अशा चाकांचा एक संच बाराशे मैल चालल्याची नोंद आहे. परंतु सायकल अजून रस्त्यावर आली नव्हती. घोडागाडीच्या मालकाला चार महागड्या चाकांची हौस परवडत नव्हती, आणि ओढण्याचे कष्ट तर घोड्याचे होते! ज्याला कष्ट होतात त्याच्या हाती निवड नसली, म्हणजे चांगली युक्तीही मागे पडते. टॉमसनची युक्ती तशीच मागे पडली आणि विसरली गेली.

त्यानंतर चार दशकांनी बेलफास्ट शहरात जॉन बॉयड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहत होता. त्याचा लहान मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवीत असे आणि शहराच्या दगडी रस्त्यांवर ती फार हादरते अशी त्याची तक्रार असे. डनलॉपने एक लाकडी चकती घेतली, तिच्या कडेला रबराची नळी बसवली, वरून कापड ठोकले आणि नळीत हवा भरली. मग अंगणात मुलाच्या सायकलचे भरीव रबराचे चाक आणि ही चकती त्याने पाळीपाळीने घरंगळत सोडली. भरीव चाक वाटेतच आडवे झाले. हवेची चकती अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर जाऊन आदळली. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनीने हवेच्या टायरची सायकल पहिल्यांदा चालवून पाहिली. त्याच वर्षी डनलॉपने पेटंट घेतले. टॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर, १८९० मध्ये, ते रद्दबातल ठरले. परंतु तोवर धंद्याची चाके फिरू लागली होती.

ती कशामुळे फिरली? शर्यतीमुळे. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा स्वार हवेचे जाडजूड टायर लावून उतरला. लोक त्या फुगीर टायरांना हसले. शर्यती संपल्या तेव्हा ह्यूम विजयी झाला होता आणि हसणारे गप्प बसले होते. हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वी ड्यू क्रॉस ह्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. बापाने हरणाऱ्या मुलांना बोल लावला नाही. जिंकणाऱ्या टायरमध्ये भांडवल घातले, आणि त्याच वर्षी कंपनी उभी राहिली.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. हवेच्या टायरने केवळ पाठीला आराम मिळतो असे नव्हे, तर वेगही मिळतो. भरीव चाक खड्यावर आदळले म्हणजे सायकल आणि स्वार दोघेही उचलले जातात आणि ती शक्ती वाया जाते. हवेचा टायर खडा आपल्या पोटात घेतो आणि पुढे सरकतो. मात्र त्यासाठी टायरचे कापड आणि रबर मऊ व लवचीक असावे लागते. पुढील सारा इतिहास ह्या लवचिकपणाभोवती फिरतो, म्हणून ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

हवा चाकात आली आणि तिच्याबरोबर पंक्चरही आले. युरोपच्या रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे आणि जोड्यांचे खिळे विखुरलेले असत. त्यातच डनलॉपचा पहिला टायर धावेला कापड गुंडाळून पक्का चिकटवलेला असे. नळीला भोक पडले तर सारे सोलून काढावे लागे. १८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ गावी एक सायकलस्वार असा टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि गोंद वाळावयास सायकल रात्रभर ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन स्वतः तिच्यावर बसून निघाला, आणि थोडक्याच अंतरावर ते पंक्चर पुन्हा उघडले. दुसरा कोणी असता तर त्याने हवेच्या टायरला रामराम ठोकला असता. एदुआरच्या मनात वेगळा विचार आला. बसल्याबरोबर जो आराम त्याला जाणवला होता, तो सोडण्यासारखा नव्हता. भोक पडणारच, तर ते बुजवणे सोपे झाले पाहिजे, असे त्याने ठरवले.

१८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी धावेवरून काढता-घालता येणाऱ्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ ह्या स्वाराने त्यांचे टायर लावून ती एकाहत्तर तास बावीस मिनिटांत जिंकली. पंक्चर त्यालाही झाले, पण ते वाटेतच दुरुस्त करता आले. दुसरा आलेला स्वार त्याच्या आठ-नऊ तास मागे होता. पुढच्याच वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत मिशेलिन बंधूंनी भरवली आणि वाटेत जाणूनबुजून खिळे पेरले. खिळे रुतले तरी बिघडत नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. धंदेवाईकाची ही युक्ती थोडी खोडसाळ होती खरी, पण तिच्यातील विचार खोल होता. पंक्चरच्या प्रश्नाला मनुष्याने दिलेले पहिले चांगले उत्तर ‘पंक्चर होऊ नये’ असे नव्हते. ‘झाले तर मला माझ्या हाताने काढता यावे’ असे ते होते.

ह्याच सुमारास, १८९० मध्ये, इंग्लंडात चार्ल्स किंग्स्टन वेल्च ह्याने टायरच्या कडांत न ताणणारी तार घालून तो धावेत बसवण्याची रीत काढली. आज आपण जो टायर लोखंडी चमच्यांनी धावेवरून उचकटतो, तो वेल्चच्याच वंशातला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची सारी विद्या ह्या शोधावर उभी आहे. पाण्याचे घमेले, बुडबुडे पाहून भोक हेरणे, कानशीने ट्यूब घासणे, सोल्यूशन लावून फुंकर घालणे आणि पॅच दाबून बसवणे, हे सगळे टायर निघतो म्हणून शक्य आहे. टायर चिकटवलेलाच राहिला असता, तर हा धंदा जन्मला नसता.

आता ह्या इतिहासातील एक काळे पान वाचले पाहिजे. ते गाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. हवेच्या टायरमुळे १८९० च्या दशकात सायकलींचा जगभर सुकाळ झाला आणि रबराची मागणी एकाएकी वाढली. तेव्हा रबर मळ्यांत होत नव्हते. ते रानातील झाडावेलींतून काढावे लागे. आफ्रिकेतील काँगोचा प्रचंड मुलूख १८८५ पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी मालकीचा होता. तेथील गावांवर रबराचा वाटा बसवण्यात आला. वाटा पुरा पडला नाही तर बायकांना ओलीस धरीत, गावे जाळीत, माणसे मारीत. आणि गोळ्या वाया घालवल्या नाहीत ह्याचा पुरावा म्हणून शिपाई माणसांचे हात तोडून आणीत. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतील एडमंड मोरेल ह्या कारकुनाच्या लक्षात आले, की काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरून जहाजे येतात, पण तिकडे जाताना त्यांतून जातात त्या बंदुका आणि काडतुसे. जेथे व्यापार होतो तेथे माल दोन्हीकडून जातो. येथे तो एकाच बाजूने येत होता. ह्याचा अर्थ त्याने ओळखला आणि नोकरी सोडून चळवळ उभी केली. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट ह्याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला तो मुलूख बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

युरोप-अमेरिकेच्या बागांतून रविवारी सायकली फिरवणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषांना ह्यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांच्या पाठीला पोचणारा हादरा नाहीसा झाला होता, आणि त्याची किंमत त्यांनी कधी न पाहिलेली माणसे देत होती.

रबर रानातून मळ्यात आले ते ह्याच काळात. हेन्री विकम ह्याने १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे सुमारे सत्तर हजार बी लंडनच्या क्यू उद्यानात आणले होते. त्यांतील थोडेच रुजले. पण त्यांची रोपे सिलोन आणि सिंगापूर येथे गेली आणि त्यांतूनच आशियातील मळे उभे राहिले. केरळात विसाव्या शतकाच्या आरंभी रबराची लागवड सुरू झाली. पुढे १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला आणि टायर आपल्या देशात तयार होऊ लागला.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. हे उत्तर चिलखताचे. काटा आत शिरूच नये, म्हणून टायर जाड करा, आत चामड्याची वा कापडाची पट्टी घाला, असे प्रयत्न पहिल्यापासून होत आले आहेत. त्यांना आड येत होता तो मघाशी सांगितलेला लवचिकपणा. टायरचे कापड प्रथम साध्या विणीचे असे. उभे-आडवे धागे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकमेकांवर घासत, त्यामुळे कापडही झिजे आणि स्वाराची शक्तीही खर्ची पडे. १८९० च्या दशकात अमेरिकेत जॉन पामर ह्याने सारे धागे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर ठेवून, रबरात बुडवून थर करण्याची पद्धत काढली. टायर मऊ झाला आणि वेगाने धावू लागला. आजच्या सायकलचा टायरही मुळात असाच बांधतात. टायर जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना पुन्हा फुगतो. ह्या दबण्या-फुगण्यात जितके जाड रबर आणि जितके थर हलवावे लागतील, तितकी शक्ती जास्त लागते. म्हणजे चिलखताचा भार स्वाराच्या पायांवर पडतो. तो दर फेऱ्याला पडतो आणि काटा लागो वा न लागो, पडतोच.

फ्रान्समधील साँतेत्येन गावच्या पॉल द व्हिव्ही ह्याने ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनावाने सायकल-प्रवासाविषयी विपुल लिहिले. १८८७ मध्ये त्याने त्यासाठी मासिकच काढले. लांबच्या वाटेला अरुंद व टणक टायरापेक्षा रुंद टायर, थोड्या कमी हवेचा, अधिक चांगला, असा त्याचा आग्रह होता. शर्यतवाल्यांनी त्याची टिंगल केली. पण अलीकडच्या मोजमापांनी त्याला पुष्कळ अंशी खरे ठरवले आहे. खडबडीत रस्त्यावर रुंद आणि मऊ टायर मागे पडत नाही, आणि कमी दाबाचा टायर काचेच्या कपच्यावरून जाताना तिला थोडी वाकून वाट देतो. कडक फुगवलेला टायर तिच्यावर जोराने दाबला जातो.

युद्धातही टायरची परीक्षा झाली. १९४१ च्या डिसेंबरात जपानी फौज मलायात उतरली आणि सायकलींवरून दक्षिणेकडे धावली. तेथील उन्हात टायर फुटू लागले. दुरुस्तीला सवड नसली म्हणजे सैनिक टायर काढून नुसत्या लोखंडी धावेवर सायकली हाकीत. डांबरी रस्त्यावर अशा अनेक सायकलींचा खडखडाट रात्री ऐकून प्रतिपक्षाला रणगाडे आले असे वाटे, असे एका जपानी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. व्हिएतनाममध्ये १९५४ च्या दिएनबिएनफूच्या लढाईत हमालांनी सायकलींवर दोन-दोनशे किलो भार लादून त्या डोंगरातून ढकलत नेल्या. टायर टिकावेत म्हणून ट्यूब आणि टायर ह्यांच्यामध्ये जुन्या कपड्यांच्या पट्ट्या घातल्या. आमचे पंक्चरवाले फाटक्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा बसवतात आणि त्याला ‘गेटर’ म्हणतात. त्यामागची बुद्धी तीच. पण सायकल ढकलायची असली तर टायर जड झाल्याचे फारसे दुःख नसते. चालवायची असली तर असते.

हलका असूनही काटा अडवील असा धागा हाती आला तो १९६५ मध्ये. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक ही रसायनशास्त्रज्ञ मोटारींच्या टायरसाठी हलका आणि बळकट धागा शोधीत होती. पेट्रोल टंचाईचे झाले तर गाड्या हलक्या टायरांवर चालाव्यात, हा त्यामागचा हेतू. तिच्या हाती एक गढूळ, पातळ द्राव आला. तो पाहून धागा काढणारा सहकारी आपले यंत्र तुंबेल म्हणून त्याला हात लावीना. बाईंनी आग्रह धरला आणि जो धागा निघाला, तो वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट बळकट ठरला. तोच केव्हलार. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांमुळे तो गाजला. पण त्याचा शोध टायरसाठी चालला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

केव्हलार आणि तसलेच इतर धागे दाट विणून टायरच्या घडीखाली पट्टी घालण्याची रीत पुढे रूढ झाली. काचेच्या बारीक कपच्या आणि लहान काटे ती बऱ्याच अंशी अडवते, आणि टायर फारसा जड होत नाही. लांब खिळा मात्र विणीतून वाट काढतो. म्हणून दुसरी रीत निघाली. घडीखाली मऊ रबराचा जाड थरच घालावयाचा, म्हणजे खिळा रुतला तरी ट्यूबपर्यंत पोचणार नाही. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरॅथॉन प्लस’ टायरात हा थर पाच मिलिमीटर जाडीचा असतो. असा टायर पंक्चरला सहसा दाद देत नाही. परंतु सदतीस मिलिमीटर रुंदीचा एकच टायर सुमारे नऊशे ग्रॅम भरतो, आणि त्याच मापाचे हलके प्रवासी टायर जवळजवळ निम्म्या वजनाचे मिळतात.

आपल्याकडील काटेही जाता जाता पाहू. बाभळीचा काटा लांब आणि सरळ असतो. पातळ पट्टीला तो जुमानत नाही. सराटा जमिनीवर पसरतो आणि त्याचे फळ कसेही पडले तरी एक टोक वर राहते. हाच सराटा अमेरिकेत जाऊन पोचला आणि तेथे त्याने सायकलवाल्यांना इतके छळले, की त्याचे तिकडचे नावच ‘पंक्चर-वेल’ असे पडले. १९६१ मध्ये त्याचे बी आणि देठ पोखरणारे दोन जातींचे भुंगेरे तेथे मुद्दाम बाहेरून आणून सोडावे लागले. आमच्या अनवाणी शेतकऱ्याने सराट्याचा पराक्रम फार पूर्वीच ओळखला होता; पण तळपायाला पंक्चरवाला नसतो.

आणि लांबच्या प्रवासाचे उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरची प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. केव्हलार तेव्हा जन्मायचे होते, आणि वाळवंटात दुकान नव्हते. अशा वेळी स्वाराचे स्वतःचे हात चालावे लागतात.

आता त्या भावंडांना मी काय सांगितले, ते सांगून हे भाषण आवरतो.

बहिणीला मी जाड थराचा टायर घ्यावयास सांगितले. रोज सहा किलोमीटरच्या वाटेवर जड टायरने मिनिट-दोन मिनिटे जास्त लागतील. परंतु पावसाळ्यात संध्याकाळी, अंधारात, अर्ध्या वाटेवर ट्यूब बसली आणि दुकाने मिटलेली असली, तर त्या मिनिटांचा हिशेब कोणी करीत नाही. पावसाळ्याचा उल्लेख मुद्दाम केला. ओले रबर लवकर कापले जाते. म्हणून पहिल्या पावसात पंक्चरे वाढतात. दोन्ही टायर एकदम परवडत नसतील तर चांगला टायर मागच्या चाकाला बसवावा. भार तेथे जास्त असतो, आणि पुढचे चाक पडलेला खिळा उभा करते तो मागच्या चाकाला लागतो.

भावाला मी तो टायर घेऊ नको असे सांगितले. दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट आणि दररोज शंभर किलोमीटर चालायचे, तर चिलखताचा भार रोज पाच-सहा तास पायांवर राहील. त्याने दाट विणीची पट्टी असलेला, सदतीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचा, मध्यम वजनाचा टायर घ्यावा. हवा सदतीसच्या टायरात सामानासह पन्नास ते साठ पौंडांच्या आसपास ठेवावी. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नये. हवा फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब धावेवर चेचते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. ते पंक्चर काट्याचे नसते, आळसाचे असते. दोन ट्यूबा, पॅच, सोल्यूशन, चमचे, पंप आणि जुन्या टायरचा एक तुकडा बरोबर असावा, आणि निघण्यापूर्वी घरी दोन वेळा टायर काढून घालून पाहावा. रोज मुक्कामी पोचल्यावर टायरवरून नजर फिरवावी. काचेची कपची बहुधा पहिल्या फेऱ्यात ट्यूबपर्यंत जात नाही. ती फेऱ्याफेऱ्याने आत शिरते. संध्याकाळी टोकाने उकरून काढली, तर सकाळचे पंक्चर टळते.

दोघांनाही माप पाहावयास सांगितले. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंद टायरच्या काळ्या सायकलच्या धावेचे माप ६३५ मिलिमीटर आहे आणि नव्या प्रवासी सायकलींचे ६२२. तोंडाने दोन्हींना ‘अठ्ठावीसचा’ म्हणतात, पण तेरा मिलिमीटरच्या फरकाने एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरवर ३७-६२२ असे छापलेले असते, ते वाचूनच टायर घ्यावा.

वेगळी पट्टी विकत घेऊन ट्यूबखाली घालण्याचा मोह मलाही एकदा झाला होता. काट्याने ट्यूब फुटली नाही. पट्टीच्या कापीव कडेने घासून घासून ती फुटली. पट्टीची टोके कानशीने पातळ करून मगच ती घालावी, हे मी त्या दिवशी शिकलो. ट्यूबमध्ये भोक बुजवणारा द्राव घालण्याचीही रीत आहे. बारीक काट्यांना तो चांगला. मोठ्या चिरेला तो पुरत नाही, आणि काही महिन्यांनी वाळला म्हणजे पुन्हा घालावा लागतो.

राहता राहिला भरीव टायर. तो गेला नाही. २०१७ नंतर अनेक शहरांच्या रस्त्यांवर भाड्याच्या सायकली आल्या. त्यांतील काहींना भरीव टायर होते. ह्याचे कारण उघड आहे. अशा सायकलचे पंक्चर काढण्याचा खर्च मालकाचा, आणि हादरे सोसावयाचे ते भाडेकऱ्याने. घोडागाडीच्या मालकाने टॉमसनची चाके का घेतली नाहीत, ते आता आपल्या ध्यानात येईल.

तात्पर्य, ‘पंक्चर न होणारा टायर कोणता?’ ह्या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. भरीव टायरात भार पाठीवर पडतो, जाड टायरात पायांवर, हलक्या टायरात हातांवर आणि वेळेवर. आपला रस्ता, आपले अंतर आणि आपले शरीर पाहून आपणच ठरवावे, की ह्यांपैकी काय आपल्याला झेपते. आणि आपल्या सोयीचा भार न कळत दुसऱ्यावर पडत नाही ना, हेही अधूनमधून पाहावे. काँगोचे पान त्यासाठीच वाचून दाखवले. एक काम तर आपल्या सर्वांच्या हातात आहे. रस्त्यात पडलेली फुटकी बाटली किंवा खिळा दिसला, तर क्षणभर थांबून तो बाजूला करावा. मागून येणाऱ्याचे एक पंक्चर वाचते, आणि त्यासाठी कोणताही टायर विकत घ्यावा लागत नाही.

भाऊ पुढच्या महिन्यात निघणार आहे. गेल्या रविवारी त्याने अंगणात टायर काढून पुन्हा बसवला. पहिल्या खेपेस पाऊण तास लागला, दुसऱ्या खेपेस वीस मिनिटे. बहीण शेजारी उभी राहून पाहत होती. शेवटी तिने त्याच्या हातातले चमचे घेतले आणि म्हणाली, “आता मला करू दे.”